अवलंबन : एक शब्द, अनेक शास्त्रे

काशीक्षेत्री मणिकर्णिकेवरून गंगेच्या ओघाबरोबर उत्तरेकडे निघाले म्हणजे प्रथम शिंद्यांचा घाट लागतो आणि त्याला लागूनच संकठा घाट. तेथून थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. दोन मराठी राजघराण्यांच्या घाटांमध्ये वसलेले हे स्थान संकटादेवीच्या मंदिरामुळे प्रसिद्धीस आले. यमेश्वर व यमादित्य यांची स्थानेही येथेच आहेत, आणि यमद्वितीयेस, म्हणजे आपल्या भाऊबीजेस, येथील स्नानाचे विशेष माहात्म्य मानतात. घरात आजारपण आले, मुलाची नोकरी सुटली, कोर्टातील दावा लांबला की काशीकर माणूस या देवीकडे धाव घेतो.

अशा घाटावर एखाद्या सकाळी कोण कोण दिसते? नातवाच्या खांद्यावर हात टेकून ओल्या पायऱ्या उतरणारी वृद्धा. आईच्या कडेवरचे तान्हे मूल. देवीपुढे डोके टेकणारा प्रौढ गृहस्थ. सकाळी भांगेची गोळी पोटात गेल्याशिवाय ज्याचा दिवस उजाडत नाही असा एखादा नेमस्त बनारसी. आणि उतारूंच्या चार पैशांकडे डोळे लावून बसलेला नावाडी. या पाचही जणांविषयी मराठीत एकच शब्दप्रयोग सहज करता येतो : हा माणूस कशावर तरी, कोणावर तरी 'अवलंबून' आहे. इंग्रजीतही 'डिपेंडन्स' हा एकच शब्द या सर्वांना पुरतो. दोन्ही शब्दांच्या मुळाशी लोंबकळण्याची कल्पना असावी, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण होय. संस्कृत 'लंब्' या धातूचा अर्थ लोंबणे. लॅटिनमधील मूळ धातूचाही तोच. वेल मांडवाला लोंबते, फळ देठाला लोंबते आणि बुडणारा दोराला लोंबतो. परंतु या तीन लोंबण्यांत जे अंतर आहे ते शब्दात दिसत नाही. वैद्यक, मानसशास्त्र, वृद्धशास्त्र, लोकसंख्याशास्त्र व अर्थशास्त्र या सर्वांनी हा शब्द उचलला आणि प्रत्येकाने त्यात आपापला अर्थ भरला. एका शास्त्रातील अर्थ दुसऱ्यात घुसला म्हणजे काय अनर्थ होतो, याचे उदाहरण याच गंगेच्या काठी आहे.

संकठा घाटावरून पाण्याबरोबर खाली गेले असता सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांवर गाझीपूर लागते. तेथे अफूचा सरकारी कारखाना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत, १८२० साली तो सुरू झाला आणि आजही चालू आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडांना चिरा पाडून जो दुधासारखा चीक निघतो तो वाळला म्हणजे अफू होते. परवानाधारक शेतकऱ्यांकडून ती गोळा करून सरकार तिची प्रतवारी करते आणि तिच्यापासून मॉर्फीन, कोडीन इत्यादी औषधी द्रव्ये काढते. कारखान्याच्या सांडपाण्यावर डोलणाऱ्या माकडांची वर्णने प्रवासी लोक मोठ्या चवीने करतात. पण माकडांपेक्षा माणसांची हकीकत अधिक विचार करण्याजोगी आहे.

प्रथम अफू पिकविणाऱ्याचे पाहू. कंपनीच्या काळात 'बनारस अफू' या नावाने चीनच्या बाजारात जो माल जाई तो बनारस एजन्सीच्या हाताखालील शेतकरी पिकवीत. त्यांना पेरणीपूर्वी आगाऊ रक्कम मिळे. या उचलीवर सारा भरला जाई, आणि उचल घेतली की अफू पेरणे भाग पडे. भाव सरकार ठरवी; दुसऱ्या कोणास माल विकणे हा गुन्हा होता. हे कुणबी स्वतः अफू खात असोत वा नसोत, ते अफूवर अवलंबून होते यात संशय नाही. आणि केवळ तेच नव्हे. एकोणिसाव्या शतकात कित्येक दशके हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखाल अफूचा क्रमांक लागे; म्हणजे तिजोरीलाही तिची तल्लफ होती. मराठीत 'अंमल' हा शब्द राज्यसत्तेलाही लावतात आणि नशेलाही. भाषेने हा श्लेष हेतुपुरस्सर केला नसेल, पण येथे तो चपखल बसतो. विसाव्या शतकात लॅटिन अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी 'अवलंबित्वाचा सिद्धान्त' मांडला. कच्चा माल पुरविणारे देश त्या मालाच्या गिऱ्हाइकांशी असे बांधले जातात की त्यांची शेती, त्यांचे रस्ते, त्यांची बंदरे सारी परक्याच्या गरजेप्रमाणे घडतात, असे त्याचे सार. गाझीपूरच्या शेतकऱ्यास हे सांगण्यासाठी प्रबंधाची गरज पडली नसती.

आता अफू घेणाऱ्याकडे वळू. आणि त्यासाठी काशी सोडून क्षणभर मुंबईच्या गिरणगावात जावे लागेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गिरणीत कामाला जाणारी आई आपल्या तान्ह्याला खोलीवर ठेवून जात असे. दिवसभर ते रडू नये म्हणून निघताना त्याला अफू घातलेली 'बाळागोळी' देण्याची रीत तेथे सर्रास होती. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या मजूर आयोगाच्या चौकशीतही ती पुढे आली. या एका गोळीत अवलंबनाचे निदान चार अर्थ एकत्र झाले आहेत. बालक आईवर अवलंबून; आई मजुरीवर; गिरणी स्वस्त मजुरीवर; आणि काही आठवड्यांनी बालकाचे शरीर गोळीवर. गोळी चुकली की ते किरकिरे होई, जांभया देई, त्याला जुलाब लागत, ते दूध नाकारी. पुन्हा गोळी दिली की सारे शांत. प्रश्न असा की, हे बालक व्यसनी होते काय?

या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते का, हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहिले पाहिजे. अफूतील मॉर्फीन ज्ञानतंतूंच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटते. हे ग्राहक १९७३ साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले. चिकटल्यावर पेशीचे काम मंदावते, वेदनेचा निरोप पुढे जाताना क्षीण होतो. परंतु पेशी ही निर्जीव वस्तू नव्हे. रोज कोणी तरी लगाम ओढतो आहे असे दिसताच ती आपली आतील यंत्रणा हळूहळू वाढवून त्या ओढीची भरपाई करते. काही दिवसांनी लगाम असतानाच तिची चाल नेहमीसारखी होते. म्हणून पूर्वीचा परिणाम मिळविण्यास मात्रा वाढवावी लागते. यास 'सह्यता' म्हणतात. आणि लगाम एकाएकी सुटला की वाढलेली यंत्रणा उधळते. मस्तिष्कस्तंभात निळसर पेशींचा एक लहानसा पुंज आहे. त्याची ही उधळण विशेष त्रासदायक असते. नाक व डोळे गळतात, अंगावर काटा येतो, पोटात कळा येतात, झोप उडते. हे 'विरामलक्षण' होय. जेथे सह्यता व विरामलक्षणे आहेत तेथे 'शारीरिक अवलंबन' आहे, एवढेच वैद्यकाचे म्हणणे.

हे केवळ अफूचेच वैशिष्ट्य आहे असे नाही. रक्तदाब उतरविणारी काही औषधे एकदम बंद केली असता दाब उसळतो. दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या रोग्याने त्या अकस्मात थांबविल्या तर त्याच्या प्राणावर बेतते, कारण मधल्या काळात मूत्रपिंडावरील ग्रंथींनी आपले काम सोडून दिलेले असते. पण रक्तदाबाच्या गोळीसाठी कोणी घरातील भांडी विकल्याचे ऐकिवात नाही. व्यसनात जी दुसरी गोष्ट असते ती म्हणजे अनिवार ओढ. पदार्थ मिळविण्याच्या धडपडीत इतर सर्व कर्तव्ये मागे पडणे, अपाय दिसत असूनही हात न आवरणे. तिचा संबंध मेंदूतील निराळ्या मार्गाशी, प्रेरणा व पारितोषिक यांच्या मार्गाशी येतो. दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र नांदतात, तथापि त्या एक नव्हेत. बाळागोळीच्या तान्ह्याला विरामलक्षणे होती. गोळीची ओढ त्याला नव्हती, असणे शक्यच नव्हते, कारण आपल्याला काय हवे आहे हेच त्यास ठाऊक नव्हते. याउलट कोकेनच्या व्यसनात शारीरिक विरामलक्षणे तुलनेने सौम्य असूनही ओढ सर्वनाश करते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञसमितीने १९५७ साली 'व्यसन' आणि 'सवय' असे दोन वर्ग पाडून पाहिले होते. पहिल्यात अनिवार इच्छा व शारीरिक अवलंबन, दुसऱ्यात नुसती इच्छा. कोकेनसारख्या पदार्थांनी ही वाटणी निरुपयोगी ठरविली. तेव्हा १९६४ साली समितीने दोन्ही शब्द बाजूस सारून 'औषधिद्रव्यावरील अवलंबन' हा एकच शब्द सुचविला आणि मॉर्फीनच्या जातीचे, मद्याच्या जातीचे, भांग-गांजाच्या जातीचे असे त्याचे प्रकार सांगितले. हेतू चांगला होता. 'व्यसनी' या शब्दाला चिकटलेली निंदा नव्या शब्दाला नव्हती. भांग-गांजाच्या बाबतीत शारीरिक अवलंबन नसते असे त्या वेळी मानले गेले. पुढील संशोधनाने ते मत बदलले : नित्य सेवन थांबविल्यावर चिडचिड, निद्रानाश, अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसतात, आणि २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्यांची नोंद आहे. काशीत भांगेची परवानाधारक दुकाने आहेत. १९८५ च्या कायद्याच्या व्याख्येत गांजाचे फुलोरे येतात, नुसती पाने येत नाहीत, म्हणून ती चालतात. कायद्याने पान आणि फुलोरा यांत रेषा ओढली. मेंदूतील ग्राहकांना ती रेषा ठाऊक नाही, प्रमाणाचा फरक मात्र कळतो.

नव्या शब्दाने एक दोष काढला आणि दुसरा आणला. १९८७ साली याच अमेरिकन निदानपुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा अनिवार ओढीच्या विकारास 'व्यसन' म्हणावे की 'अवलंबन', यावर समितीत मतदान झाले आणि 'अवलंबन' एका मताने विजयी ठरले. परिणामी एकाच ग्रंथव्यवहारात 'अवलंबन' या शब्दाचे दोन अर्थ झाले : औषधशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पेशींनी केलेली जुळवणूक, आणि मानसोपचारकाच्या दृष्टीने मनावरचा ताबा सुटणे. ज्या रोग्याला असह्य वेदनेसाठी मॉर्फीन चालू होते त्याच्या शरीरात पहिली गोष्ट घडणारच. डॉक्टर तिला दुसरी समजू लागले. २००६ साली तीन शास्त्रज्ञांनी या घोळावर बोट ठेवले. २०१३ च्या आवृत्तीत 'अवलंबन' हा शब्द काढून टाकण्यात आला, आणि वैद्याच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधामुळे येणारी सह्यता व विरामलक्षणे विकाराच्या निदानात धरू नयेत असे स्पष्ट लिहिले गेले. जागतिक संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या वर्गीकरणात मात्र 'अवलंबन' कायम आहे. म्हणजे शब्दाचा निकाल अद्याप लागलेला नाही. मधुमेहाच्या बाबतीत तो लागला, हे येथे नोंदण्यासारखे आहे. १९७९ पासून 'इन्सुलिन-अवलंबी' आणि 'इन्सुलिन-अनवलंबी' असे जे दोन भेद करीत ते १९९७ साली रद्द झाले, कारण दुसऱ्या वर्गातील कित्येक रोग्यांनाही पुढे इन्सुलिन लागतच असे. उपचार कशावर अवलंबून आहे यावरून रोगाचे नाव ठेवणे सोयीचे नसते.

आपल्या भाषेतील 'व्यसन' या शब्दाची कथाही ऐकण्यासारखी आहे. संस्कृतात त्याचा एक प्रमुख अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे, आणि त्यात द्यूत-मद्याबरोबरच दुष्काळ, पूर व आग यांचाही विचार येतो. मनूने राजाची अठरा व्यसने सांगितली, दहा कामातून आणि आठ क्रोधातून उद्भवणारी. शतकांच्या ओघात आपत्तीचा अर्थ गळाला आणि दोषाचा तेवढा उरला. संकटादेवीच्या मंदिरात मुलाचे दारूचे व्यसन सुटावे म्हणून नवस करणारी आई जुन्या अर्थाशी अधिक प्रामाणिक आहे असे म्हणावे लागेल. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 'गर्द'च्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. त्याच्या मुळाशीही हा माणूस गुन्हेगार नसून आजारी आहे ही भूमिका होती.

मानसशास्त्राने अवलंबनाकडे बराच काळ संशयाने पाहिले. मूल आईला बिलगते ते अन्नासाठी, आणि वाढ म्हणजे या अवलंबनातून सुटका, असा जुना सिद्धान्त होता. इंग्लंडमधील जॉन बोल्बी याने त्यास हरकत घेतली. त्याचा युक्तिवाद साधा आहे. अवलंबन जन्मतः सर्वांत अधिक असते आणि पुढे घटत जाते. परंतु विशिष्ट व्यक्तीविषयीची आसक्ती जन्मतः नसते, ती पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात स्पष्ट दिसू लागते. जे उलट दिशांनी चालतात ते एक कसे असतील? म्हणून त्याने 'आसक्तिबंध' हा निराळा शब्द रूढ केला. जपानात ताकेओ दोई या मानसोपचारतज्ज्ञाने १९७१ साली दाखवून दिले की, दुसऱ्याच्या मायेवर हक्काने विसंबण्याच्या वृत्तीला जपानी भाषेत 'अमाए' असा स्वतंत्र, निंदा नसलेला शब्द आहे. आपल्याकडे डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली गुरुशिष्यसंबंधावर आणि १९७६ साली अवलंबनाच्या सांस्कृतिक सापेक्षतेवर लिहिले. पाश्चात्त्य उपचारक रोग्याचे आपल्यावरील विसंबणे हा अडथळा मानतो. भारतीय रोगी मात्र विसंबण्याजोगा माणूस शोधतच येतो, हा त्यांच्या विवेचनाचा रोख. १९८० साली 'परावलंबी व्यक्तिमत्त्व' हा विकार निदानपुस्तिकेत आला तेव्हा एकत्र कुटुंबातील निम्मी माणसे त्यात बसतील की काय, अशी शंका एखाद्या मराठी वाचकास आली असती तर ती अगदीच वावगी नव्हती.

पायऱ्या उतरणाऱ्या वृद्धेचा विचार वृद्धशास्त्र करते. १९६३ साली अमेरिकेत सिडनी कॅट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनी सहा कृत्यांची मोजपट्टी तयार केली : स्नान, वस्त्रे नेसणे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा, आणि जेवण. प्रत्येक कृत्य दुसऱ्याच्या मदतीवाचून होते की नाही एवढेच विचारावयाचे. मोजपट्टी उपयुक्त आहे, परंतु तीच वृद्धा घरी बादलीपुढे पाटावर बसली तर स्वावलंबी ठरते आणि शेवाळलेल्या दगडी पायरीवर परावलंबी. अवलंबन तिच्या गुडघ्यात आहे की पायरीत? मार्गरेट बाल्टेस या जर्मन विदुषीने वृद्धाश्रमांत निरीक्षण करून याहून मार्मिक गोष्ट टिपली. वृद्धाने मदत मागितली की सेवक तत्परतेने येतात. त्याने स्वतःच्या हाताने केले तर कोणी लक्षही देत नाही. माणसाला सोबत हवी असते, आणि सोबत मिळविण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे असमर्थ होणे, हे तो शिकून घेतो.

शिरगणतीचे कोष्टक तर याहून कठोर. १९११ व १९२१ च्या शिरगणतीत 'कमावते' आणि 'अवलंबी' असे दोन ढोबळ भाग होते. भिकाऱ्यास धंद्यांच्या यादीत स्वतंत्र रकाना होता, आणि पहाटेपासून राबणारी गृहिणी अवलंबींत जमा होई. १९५१ साली 'स्वावलंबी', 'कमावते अवलंबी' व 'न कमावते अवलंबी' असे तीन वर्ग झाले. काशीवासासाठी येऊन राहिलेल्या मराठी विधवा या रकान्यांत कोठे बसत? गावाहून दीर मनिऑर्डर पाठवी ती अवलंबी. परंतु तिने केलेल्या वातीवर, तिने निवडलेल्या तांदळावर, तिने सांभाळलेल्या पोरांवर कोण कोण अवलंबून होते, हे विचारण्याची सोय कोष्टकात नव्हती.

आता पुन्हा गाझीपुराकडे. १९८५ च्या नोव्हेंबरात गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम अमलात आला. त्यातील शिक्षा कडक, परवान्यांची साखळी लांब, आणि कारकुनी चूकही तुरुंगात नेईल अशी धास्ती. औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणे सोडले, रुग्णालयांनी मागविणे सोडले. १९८५ ते १९९७ या काळात भारतातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. वैद्यकीय विद्यालयांतून बाहेर पडलेल्या एका संपूर्ण पिढीने मॉर्फीनची गोळी हातात धरली नाही. ज्या देशात अफूचे शेत आहे, चीक आहे, कारखाना आहे, आणि जो इतर देशांना औषधी अफू पुरवितो, त्याच देशात कर्करोगाचा रोगी वेदनेने तळमळत राहिला. कारण विचारले असता कायद्याबरोबरच आणखी एक उत्तर येई : सवय लागेल.

लागते काय? केरळात कालिकत येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमन केंद्रात डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पाहिले. दोन वर्षांत १,७२३ रोग्यांना मॉर्फीनच्या गोळ्या घरी नेऊन घेण्यास दिल्या. त्यांत औषधाचा गैरवापर किंवा ते अन्यत्र वळविले गेल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. हा वृत्तान्त २००१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१४ साली अधिनियमात दुरुस्ती होऊन आवश्यक गुंगीकारक औषधांसाठी देशभर एकसारखे नियम आणि रुग्णालयास एकच मान्यता अशी व्यवस्था झाली. तरीही २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या हिशेबाप्रमाणे वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अफूजन्य औषधांपैकी भारतात जेमतेम ४ टक्के गरज भागत होती.

२०१९ साली वाराणसीत मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या दोन कर्करोग रुग्णालयांचे उद्घाटन झाले. पूर्वी परळची वाट धरणाऱ्या पूर्वांचल व बिहारमधील रोग्यांना त्यामुळे जवळ सोय झाली. अशा रुग्णालयात मॉर्फीनची पहिली चिठ्ठी लिहिली की नातेवाईक जो प्रश्न विचारतात तो सर्वत्र एकच असतो, आणि त्याचे खरे उत्तर एका शब्दात देता येत नाही. शरीराला त्याची जुळवणूक होईल, म्हणून गोळ्या आपल्या मनाने एकदम थांबवू नयेत. मनाला त्याची ओढ लागण्याचा संभव, वेदनेसाठी नेमून दिलेल्या मात्रेत आणि देखरेखीखाली, अल्प आहे. पूर्वी कधी दारूचे वा अन्य पदार्थाचे व्यसन असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. अशा रोग्यावर अधिक लक्ष ठेवतात, त्याला औषध नाकारीत नाहीत. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होते, म्हणून सोबत रेचक देतात. किरणोपचाराने गाठ आटोपली आणि दुखणे कमी झाले म्हणजे मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवितात, आणि दोन-तीन आठवड्यांत पुष्कळांची गोळी बंद होते.